थंडीत पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी काय करून ठेवावं

सहा-आठ माणसं रात्री जेवायला येणार म्हटलं की सगळीकडून एकच सल्ला मिळतो: रस्सा कर, आदल्या दिवशीच करून ठेव, मुरला की छान लागतो. हा सल्ला अर्धाच आहे. काही रस्से खरंच मुरतात. काही आंबतात, काही फुटतात, काही खिरीसारखे दाटतात आणि काहींतल्या भाजीचा लगदा होतो. कोणता रस्सा करायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मी पदार्थ ठरवताना तो किती भारी दिसेल हे आधी बघत नाही. हे पातेलं उद्या संध्याकाळी कसं असेल, एवढंच आधी बघते.

विचारून घ्या

डिसेंबरातलं जेवण असेल तर मार्गशीर्ष लक्षात ठेवा. कितीतरी घरांत महिनाभर मांसाहार बंद असतो, काहींकडे फक्त गुरुवारी. "काहीही चालेल" या उत्तरावर थांबू नका. मटण, कांदा-लसूण, शेंगदाणे, तीळ अशी एकेकाची नावं घेऊन विचारा.

मुख्य पदार्थ कसा निवडायचा

आधी कोणते पदार्थ बाद करायचे ते बघू, कारण थंडीत मोह त्यांचाच जास्त होतो.

ओल्या नारळाचं वाटण किंवा नारळाचं दूध ज्यात आहे ते आदल्या दिवशी करायचं नाही. ओलं खोबरं लवकर आंबूस होतं आणि दूध दुसऱ्यांदा उकळलं की फुटतं. कोल्हापुरी बेत असेल तर तांबडा रस्सा आदल्या दिवशी होऊ शकतो, पांढरा नाही. पांढऱ्यासाठी मटण शिजवलेलं अळणी पाणी वेगळं ठेवा आणि दूध ऐन वेळी घाला.

वांग्याचा रस्सा नको. भरली वांगी रात्रभर रश्श्यात राहिली की गर सुटतो आणि सालं वर तरंगतात. विदर्भातले सोलेवांगे हा माझ्या मते हिवाळ्यातला सगळ्यात चांगला रस्सा आहे, पण तोही अर्धाच आधी करता येतो: तुरीच्या ओल्या दाण्यांचा रस्सा आदल्या दिवशी, वांग्याच्या फोडी दुसऱ्या दिवशी. खानदेशी भरीत तर काही तासांतच उतरतं. त्यात कच्चा कांदा आणि कांद्याची पात असते, तिला पाणी सुटतं, आणि ज्या भाजलेल्या वासासाठी भरीत करायचं तो वासच कमी होतो. भरीत आणि रायगडकडची पोपटी हे पाहुण्यांना शेकोटीभोवती बसवून तिथंच खायचे पदार्थ आहेत. ते फ्रिजमधून काढून वाढू नयेत.

पिठलं, झुणका, कढी-गोळे यांतलं बेसन थंड झालं की घट्ट बसतं, आणि पाणी घालून घोटलं की गुठळ्या होतात. मेथी, पालक, मटार यांचा हिरवा रंग सकाळपर्यंत मळका होतो. चिकनही मी टाळते, कारण छातीचे तुकडे दुसऱ्यांदा तापवले की दोऱ्यासारखे कोरडे पडतात. आणि बटाटा कोणत्याही रश्श्यात नको. तो रात्रभर रस्सा पितो, आतून भुसभुशीत होतो आणि वाटीत भाजीपेक्षा बटाटाच जास्त दिसतो.

उरतात ते दोन गट. एक म्हणजे हाडासकट मटण. मांसाला जोडणाऱ्या चिवट भागाचं मंद आचेवर जिलेटिन होतं, ते रश्श्यात उतरतं. गार झाल्यावर रस्सा जेलीसारखा थरथरतो, तापवला की पुन्हा पातळ होतो आणि ओठांना किंचित चिकटतो. शिवाय मीठ आणि मसाला तुकड्याच्या आतपर्यंत जायला वेळ लागतो, तो वेळ रात्रभरात मिळतो. दुसरा गट सालीसकट कडधान्यांचा: पावटा, वाल, अख्खा मसूर, काळा वाटाणा, हरभरा. साल दाण्याला धरून ठेवते आणि आतल्या पिठात चव हळूहळू भिनते. मुरणं म्हणतात ते खऱ्या अर्थानं या दोन गटांतच होतं.

माझा ठरलेला बेत म्हणजे घाटावरच्या पद्धतीचा काळ्या मसाल्याचा मटण रस्सा आणि त्याच वाटणातला ओल्या पावट्याचा रस्सा. वाटण एकच, पातेली दोन. शाकाहारी पाहुण्याला वेगळं काहीतरी किरकोळ वाढल्यासारखं होत नाही आणि तुमचं काम दुप्पट होत नाही. आठ जणांत निम्मे मटण खाणारे असतील तर एक किलो मटण आणि पाऊण किलो सोललेले पावट्याचे दाणे पुरतात. मटण खाणारेही पावटा घेतातच, म्हणून दाणे कमी आणू नका.

वाटण आणि दाटपणा: इथे घाई नको

आदल्या दिवशीचे रस्से बहुतेक इथे बिघडतात. बाकी सगळ्या पायऱ्यांवर चूक सुधारता येते, इथली सुधारत नाही. मलाही हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण करताना रस्सा अगदी बरोबर दिसतो आणि बिघाड दुसऱ्या दिवशी कळतो.

पहिली गोष्ट, वाटणातला कांदा. त्याच दिवशी खायच्या रश्श्यात कांदा गुलाबी झाला तरी चालून जातं. उद्यासाठी नाही. कांद्यात पाणी राहिलं तर वाटणाला उद्यापर्यंत उग्र, आंबूस वास येतो आणि तो कोणत्याही मसाल्यानं झाकला जात नाही. चार मोठे कांदे पातळ चिरून तेलावर गडद तपकिरी होईपर्यंत परता. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं लागतात, लागू द्या. दोन वाट्या किसलेलं सुकं खोबरं वेगळं, कोरडंच भाजा, कारण ते कांद्याच्या आधी करपतं. करपलं तर टाकून द्या. रश्श्यातला कडवटपणा रात्रभरात वाढल्यासारखाच वाटतो, कमी होत नाही. सोबत दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, लसणाचा एक मोठा गड्डा, दोन इंच आलं. हे सगळं गंधासारखं बारीक वाटा. भरड वाटण रात्रीतून खाली बसतं, वर पाणी तरंगतं आणि ते पुन्हा एकजीव होत नाही.

कोथिंबीर वाटणात घालू नका. रंग काळपट होतो, शिळा वास येतो. ती उद्या वरून. टोमॅटोही नको. शेंगदाण्याचं कूट तर मुळीच नको. "दाटपणा येतो" म्हणून ते सुचवणाऱ्यांनी तो रस्सा दुसऱ्या दिवशी बघितलेला नसतो.

वाटण तेलात परतताना कडेनं तेल सुटेपर्यंत थांबा आणि मगच काळा मसाला घाला. इथं पाण्याचे शिंतोडे मारून वेळ वाचवणारे आहेत. वाचलेली ती पाच मिनिटं उद्या कच्च्या मसाल्याचा वास होऊन परत येतात.

आता दाटपणा. खोबरं, तीळ आणि खसखस रात्रभर पाणी शोषत राहतात. आज तुम्हाला हवा तसा दाट रस्सा केला तर उद्या तो चमच्यानं उचलावा लागेल. म्हणून आज पातेल्यातला रस्सा मनाला जरा पातळच वाटला पाहिजे, पळीवरून सरसर ओघळणारा. तो बघून हात शिवशिवतो, आणखी थोडं आटवावंसं वाटतं. आटवू नका.

एवढं करूनही उद्या तो थोडा दाटणारच. तेव्हा "गरम पाणी घालून सारखा करा" हा सल्ला ऐकू नका. नुसत्या पाण्यानं तर्री फिकी पडते आणि चव मधोमध पोकळ होते. मटण शिजवताना जे अळणी पाणी निघतं त्यातलं दोन-तीन वाट्या आजच बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवा. पावट्याचं शिजवलेलं पाणीही तसंच वेगळ्या भांड्यात ठेवा. उद्या रस्सा सैल करायचा तो याच पाण्यानं, तेही उकळतं करून. दोन्हींची अदलाबदल मात्र होऊ देऊ नका. पावट्यात मटणाचं पाणी गेलं तर तुमच्या शाकाहारी पाहुण्याचा विश्वास गेला. भांड्यावर चिठ्ठी लावा.

मिठाचंही तसंच. आज अंदाजाच्या पाऊण भागच मीठ. रस्सा दोनदा उकळणार आहे, पाणी उडणार आहे, मीठ जागेवरच राहणार आहे. बाकीचं उद्या चव बघून.

शिजवणंही थोडं आधी थांबवा. मटण मऊ व्हावं, पण हाडावरून सुटू नये. पावटा बोटांत दाबला तर चेपावा, पण अख्खा दिसावा. कुकरला लावू नका, उघड्या पातेल्यात शिजवा, नाहीतर साली एकीकडे आणि डाळ एकीकडे होते. आमसूल दाणे शिजल्यावरच घाला. आंबटपणा आधी गेला तर दाणा मऊ व्हायला तयार होत नाही.

रात्रभर ठेवणं

"थंडीच आहे, ओट्यावर राहू दे" असं म्हणून पातेलं झाकून झोपायला जाणारी मंडळी खूप आहेत. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला असेल, पण तुमचं स्वयंपाकघर तेवढं गार नसतं. त्यात चार-पाच लिटरचं झाकलेलं पातेलं आतून तासन् तास कोमट राहतं, आणि जंतूंना कोमटच हवं असतं. रस्सा दोन-तीन पसरट स्टीलच्या डब्यांत वाटून घ्या, डबे पाण्याच्या परातीत ठेवा, अधूनमधून हलवा. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेच पाहिजेत. पितळ किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, विशेषतः आमसुलाचा रस्सा.

दुसऱ्या दिवशी

डबा काढल्यावर वर गोठलेल्या चरबीचा थर दिसेल. पावट्यावरचं तेल तसंच राहू द्या. मटणावरची चरबी मात्र निम्मी काढा. उन्हाळ्यात काढली नाही तरी चालतं, पण थंडीत रस्सा वाटीत निवायला लागला की ती टाळूला चिकटते आणि तोंडात मेणचटपणा राहतो. रंग हवा म्हणून सगळी ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. रंगासाठी चमचाभर तेलात लाल तिखट टाकून वरून फोडणी द्या.

मंद आचेवर ठेवा. जेली विरघळेपर्यंत पळी घालू नका, तुकडे मोडतात. मग राखलेलं पाणी उकळून घाला, मीठ बघा आणि दोन-तीन मिनिटं खळखळून उकळी येऊ द्या. नुसतं "गरम झालं" पुरत नाही. हे वाढायच्या आधी एकदाच करायचं. दिवसभर येता-जाता तापवत राहिलात तर आदल्या दिवशीची सगळी मेहनत आटून जाईल.

भाकरी, भात आणि बाकीचं

भाकरी आदल्या दिवशी होत नाही. फॉइलमध्ये गुंडाळा, कापडात ठेवा, तरी ती वातड होतेच. आठ जणांना डझनभर भाकऱ्या लागतात, त्या गरम वाढायच्या असतील तर तव्यापाशी एक माणूस बसवावाच लागतो. पीठ दोन दिवस आधी दळून आणा. बाजरीचं जुनं पीठ कडू होतं आणि भाकरी थापताना चिरते. माणूस मिळणार नसेल तर सोलापूरकडची कडक भाकरी विकत आणा. ती मुळातच टिकण्यासाठी केलेली असते आणि रश्श्यात कुस्करून खायला ताज्या भाकरीइतकीच चांगली लागते. पाव मात्र या रश्श्याबरोबर वाढू नका.

भात त्याच दिवशी, कुकरला. शिळा भात पाहुण्यांना नको, आणि बाहेर राहिलेला तर नकोच.

कांदा, लिंबू, मुळ्याची कोशिंबीर ऐन वेळी. ठेचा आदल्या दिवशी चालतो.

गोडाला गुळाची पोळी. दोन दिवस आधी करा, डब्यात भरा. ती तापवायची नसते, थंडच पोळी आणि वर पातळ तूप. गाजराचा हलवाही टिकतो, पण एवढ्या जड जेवणावर अर्धी पोळी जाते, वाटीभर हलवा जात नाही.

आठला जेवायचं असेल तर डबे साडेसहाला फ्रिजबाहेर काढा, सव्वासातला पातेलं मंद आचेवर चढवा, पावणेआठला पहिली भाकरी तव्यावर टाका. रस्सा लहान वाट्यांत थोडाथोडा वाढा, पातेल्यात तो गरम राहतो, वाटीत राहत नाही. जेवणं उरकल्यावर उरलेला रस्सा तिसऱ्या दिवसाच्या पुढे राखू नका. जवळ राहणाऱ्या पाहुण्यांना डब्यात घालून द्या आणि घरी गेल्या गेल्या फ्रिजमध्ये ठेवून जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच उकळून संपवायला सांगा.