फोटोत लेन्स फ्लेअर टाकताना उजेडाची दिशा कशी सांभाळावी

लेन्समध्ये एकामागे एक अनेक काचा असतात. कडक उजेड थेट आत शिरला की तो या काचांवरून उलटसुलट परावर्तित होतो आणि फोटोत झळाळी, किरणं, रंगीत ठिपके उमटतात. हाच लेन्स फ्लेअर. म्हणजे तो टाकण्याआधी फोटोतल्या सावल्या बघायला हव्यात. सावल्या कॅमेऱ्याच्या दिशेने येत असतील तर उजेड समोरून आहे, फ्लेअर शोभेल. त्या पलीकडे पडत असतील तर उजेड फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे होता. अशा फोटोत फ्लेअर टाकूच नका, कितीही निगुतीने टाकला तरी तो खोटा वाटतो.

फोटो क्रॉप करायचा असेल तर तो सगळ्यात आधी करा. फ्लेअरचे ठिपके प्रकाशाचा उगम आणि चौकटीचा मध्य जोडणाऱ्या रेषेवर पडतात. नंतर कापाकापी केली की मध्य सरकतो आणि ती रेषा चुकते.

आता फोटोशॉपमध्ये नवा लेयर (फोटोवर ठेवलेला वेगळा थर) घ्या, तो पूर्ण काळ्या रंगाने भरा आणि ब्लेंड मोड, म्हणजे थर खालच्या फोटोत मिसळण्याची पद्धत, 'स्क्रीन' करा. काळा दिसेनासा होतो, पुढे फक्त उजेड उरेल. मूळ फोटोला धक्का लागत नाही. लेयरवर राइट क्लिक करून त्याचा स्मार्ट ऑब्जेक्टही करून ठेवा, म्हणजे फिल्टरची सेटिंग्ज केव्हाही बदलता येतील. मग मेनूतून फिल्टर, रेंडर, लेन्स फ्लेअर असं निवडत जा. गिंप या मोफत फोटो-एडिटरमध्ये हेच फिल्टर्स मेनूतल्या 'लाइट अँड शॅडो'खाली सापडतं.

इथे एक अडचण येते. लेयर काळा असल्यामुळे प्रिव्ह्यूमध्ये फोटो दिसत नाही, मग फ्लेअर नेमका सूर्यावर बसवायचा कसा? त्यासाठी फिल्टर उघडण्याआधी कर्सरची जागा आकड्यांत दाखवणारं इन्फो पॅनल चालू करा, त्यातलं एकक पिक्सेल ठेवा, कर्सर सूर्याच्या मधोमध न्या आणि एक्स, वाय हे आकडे टिपून घ्या. मग फिल्टरच्या प्रिव्ह्यूवर ऑल्ट दाबून (मॅकवर ऑप्शन) क्लिक केलं की आकडे भरायची चौकट उघडते. अंदाजाने माऊस ओढत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फ्लेअर लागल्यावर मात्र लेयर हाताने सरकवू नका. जागा बदलायची तर फिल्टर पुन्हा उघडून बदला.

ब्राइटनेस १० ते ३०० टक्क्यांपर्यंत जातो. बहुतेक फोटोंना १०० च्या आसपास पुरतो. जास्त वाटला तर लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) उतरवा. लेन्सचे चार प्रकार आहेत, चारही लावून बघा.

खरं काम यानंतरचं. मावळतीच्या फोटोत पांढरा फ्लेअर उपरा वाटतो. फ्लेअरवर ह्यू-सॅच्युरेशन (रंगछटा बदलणारा) लेयर ठेवून तो फक्त खालच्या लेयरला क्लिप करा, म्हणजे परिणाम तेवढ्यावरच होईल, आणि रंग आकाशाशी जुळवा. पुढे, खरा फ्लेअर आसपासचा कॉन्ट्रास्ट खातो, काळा रंग गडद राहत नाही. म्हणून फोटोवर, फ्लेअरच्या खाली, लेव्हल्स (उजेड-अंधार बदलणारा) लेयर घ्या. त्यात तळाच्या आउटपुट पट्टीवरचा काळा स्लायडर ० वरून १५-२० पर्यंत आणा आणि मास्कवर (लेयरचा कुठला भाग दिसावा हे ठरवणारा पडदा) काळ्या-पांढऱ्याचा ग्रेडियंट ओढून हा परिणाम उजेडाच्या बाजूलाच ठेवा. मला विचाराल तर फ्लेअर पटतो तो या धूसरपणामुळे, ठिपक्यांमुळे नव्हे.

एखादा ठिपका नेमका चेहऱ्यावर आला तर फ्लेअरच्या लेयरला मास्क लावून मऊ ब्रशने तेवढाच पुसा. शेवटी फाइल लेयरसकट पीएसडी या फोटोशॉपच्या स्वरूपात सेव्ह करा आणि जेपीजी वेगळी काढा.