गोचिडाच्या लसींवर काम करायचंय? आधी गोठ्यात या

एमएस्सी संपत आली की मुलं विचारायला येतात, "मॅडम, गोचिडातून होणाऱ्या आजारांच्या लसीवर पीएचडी करायचीय. प्रोटीन कुठलं घेऊ?" मी उलट विचारते, गोचीड हातात घेतलाय का कधी? गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून पेला हातात देणाऱ्या कोल्हापुरात हा प्रश्न विचित्रच. पण बहुतेकांचं उत्तर 'नाही' येतं.

प्रोटीनचं नंतर बघू. लस नेमकी कुठं काम करते ते आधी समजून घ्या, त्यासाठी गोचिडातून माणसाला होणाऱ्या लाइम रोगाचं उदाहरण पाठच असावं. त्याचा जिवाणू बोरेलिया. उपाशी गोचिडाच्या आतड्यात असताना त्याच्या अंगावर ओस्प-ए नावाचं प्रथिन असतं. गोचीड चिकटून रक्त प्यायला लागला की जिवाणू ते उतरवून ओस्प-सी चढवतो आणि लाळग्रंथीकडे निघतो. यात साधारण दीड-दोन दिवस जातात. लस घेतलेल्याच्या रक्तातली ओस्प-एविरुद्धची प्रतिपिंडं (जंतूला चिकटणारी शरीरातली प्रथिनं) गोचीड रक्तासोबत पितो आणि जिवाणू तिथंच, त्याच्या पोटात मरतो. टोचायचं माणसाला, लढाई गोचिडात! यात एक मेख आहे. जिवाणू शरीरात आल्यावर स्मृतिपेशी (जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी) जाग्या होतील, अशी वाट इथं बघता येत नाही. चावा बसतो त्या घडीला रक्तात प्रतिपिंडं भरपूर असावीच लागतात, म्हणून बूस्टर आले.

या तत्त्वावरची लायमेरिक्स १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाली. चाचणीत तीन डोसनंतर ७६ टक्के संरक्षण मिळालं होतं. तरी २००२ साली कंपनीनं ती बाजारातून काढली. सांधेदुखीची भीती पसरली, खटले झाले, खप घसरला. लसीमुळे सांधे धरतात हे सिद्ध झालं नाही, पण लस गेली ती गेली. चांगला विदा असूनही लस बुडू शकते, हे या क्षेत्रात येणाऱ्यानं पहिल्या वर्षीच पचवावं.

आता आपल्याकडचं. भारतीय गोचीडतापाचा जिवाणू रिकेट्सिया कोनोरी रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत शिरून बसतो. तिथं नुसत्या प्रतिपिंडांवर भागत नाही, बाधित पेशींनाच मारणाऱ्या टी-पेशी कामाला लावाव्या लागतात. (सिंधुदुर्गातला माकडताप यात धरू नका, तो विषाणूचा.) याच घराण्यातल्या रॉकी माउंटन तापावर १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या मोंटानात स्पेन्सर आणि पार्कर यांनी संसर्गित गोचीड वाटून, फिनॉल घालून लस केली. स्पेन्सर यांनी १९२४ साली ती स्वतःलाच टोचून घेतली. आजच्या एथिक्स कमिटीला नुसतं सांगून बघा!

कोल्हापूरच्या मुलांना मात्र मी जनावरांकडं वळा म्हणते. अॅनाप्लाझ्मा मार्जिनाले हा गोचिडातून पसरणारा जिवाणू गुरांच्या तांबड्या पेशींत राहतो आणि वरचं प्रथिन सारखं बदलत राहतो, त्यामुळं प्रतिकारशक्तीला चकवा बसतो. पशुवैद्य थायलर यांनी शंभर वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत त्याचा सौम्य भाऊबंद, अॅनाप्लाझ्मा सेंट्राले, जिवंत लस म्हणून वापरला. काही देशांत तीच पद्धत अजून चालू आहे, पण ती लस जनावराच्या रक्तातूनच तयार होते, त्यामुळं दुसरे रोगजंतू जायचा धोका राहतो. दुसरी वाट थेट गोचिडाविरुद्धच्या लसीची. गोचिडाच्या आतड्यातल्या बीएम८६ प्रथिनावरची लस १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्यूबात बाजारात आली.

म्हणून म्हणते, रविवारी गावातल्या पशुवैद्यांबरोबर गोठ्यावर जा. म्हशीच्या कानामागं, कासेजवळ, शेपटीच्या बुडाशी बघा. चिमटा कातडीला टेकवून तोंडाजवळ धरा आणि सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, आतल्या द्रवात जंतू असू शकतात. रक्त पिऊन फुगलेली मादी एरंडीच्या बीसारखी दिसते. ती ओलसर कापसासह नळीत ठेवली की काही दिवसांत तपकिरी अंड्यांचा ढीग घालते, हजारांनी, आणि मरते. ते एकदा बघितलं की गोचीडनाशक फवारून शेतकरी का वैतागतो ते कळतं.

गाइड निवडताना लाजू नका, विचारा: गोचिडांची वसाहत पाळली जाते का? पेशीसंवर्धन (प्रयोगशाळेत पेशी वाढवणं) आहे का? रिकेट्सिया आगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या थाळीवर, वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात आणि बीएसएल-३ची, म्हणजे घातक जंतूंसाठीच्या बंदिस्त प्रयोगशाळेची, सोयही. प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी कुणाच्या नावावर आहे? यातलं काहीच नसेल, तर तुम्ही संगणकावर एपिटोप (प्रतिकारशक्ती ओळखते ते प्रथिनाचे तुकडे) शोधून त्यांची यादी करत बसाल. पेपर लवकर निघतो, पण उंदराला न टोचलेल्या त्या यादीचं पुढं कुणी काही करत नाही. माझं मत कडक वाटेल, पण अशा याद्यांचे ढीग पडलेत.

सीएसआयआर-नेट, डीबीटी, आयसीएमआर, तिन्हींच्या जेआरएफसाठी, म्हणजे पीएचडीच्या शिष्यवृत्तीसाठी, प्रयत्न करा. २०२३पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. पैसे उशिरा येतात, तेव्हा दोन-तीन महिन्यांची तजवीज घरून करून निघा.