जुनी मॅन्युअल लेन्स फुल-फ्रेम मिररलेसवर लावताना

मिररलेस कॅमेऱ्यात एसएलआरसारखा आरसा नसतो, त्यामुळे माउंट (लेन्स बसते ती कडी) आणि सेन्सर यांतलं अंतर घटलं: निकॉनच्या एसएलआरच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी होतं, मिररलेसच्या झेड माउंटमध्ये १६ मिमी आहे. उरलेली ३०.५ मिमी जागा अडॅप्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांमधला जोड, भरतो. त्यात काच नसते, त्यामुळे लेन्सचा दर्जा घटत नाही. जाडी मात्र अचूक हवी. अडॅप्टर ०.१ मिमी जरी जाड निघाला, तरी ५० मिमी लेन्स २५ मीटरपलीकडे नीट फोकस होत नाही. आल्याआल्या लांबच्या इमारतीवर तपासून घ्या. किंचित पातळ असेल तर चालतं, फक्त लेन्सच्या फोकस रिंगवरच्या अंतराच्या खुणांवर विसंबू नका.

शटर दाबूनही फोटो निघत नसेल, तर मेनूत लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय सुरू करा.

सगळ्यात जास्त चुकतं ते स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताच्या थरथरीची भरपाई करायला सेन्सर हलवणं. लेन्समध्ये चिप नसल्याने कॅमेऱ्याला फोकल लेंग्थ कळत नाही, ती हाताने भरावी लागते. ५० मिमी लेन्सला मेनूत १३५ राहिलं, तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि स्थिर हातातला फोटोही हललेला येतो. झूमला सर्वांत लहान आकडा भरा. भरपाई कमी पडलेली परवडते.

फोकस पीकिंग (फोकसमधल्या भागाला स्क्रीनवर रंगीत कड दाखवणारी सोय) एफ/१.८ ला, म्हणजे अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) खूप उघडं असताना, फसवतं, कारण रंगीत कड प्रत्यक्ष फोकसच्या थोडं पुढेमागेही दिसते. डोळ्याच्या पापणीवर मॅग्निफाय करून फोकस लावा. फोटो काढायच्या अॅपर्चरलाच लावलेला बरा. काही जुन्या लेन्सचा फोकस अॅपर्चर बदलताना सरकतो.