वाल पेरायच्या आधी बांधावरचं गाजरगवत काढा

मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण : भात पोटरीत आहे. आता उघडीप पडली की बांधावरचं गाजरगवत फुलांनी पांढरं होईल. आजच उपटायला घ्या. ‘भात कापून झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचा वाल दरवर्षी पिवळा पडलेला बघतोय.

हे गवत नुसतं खत-पाणी खात नाही. त्यात पार्थेनिन नावाचं विष असतं. पानांवरून पावसाने धुऊन, मुळांतून पाझरून आणि पाला कुजताना ते जमिनीत उतरतं. शेजारच्या बियाण्याची उगवण अडते, कोवळी मुळं खुंटतात. वाल, चवळी, मुगाच्या मुळांवर हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या गाठी धरत नाहीत. पराग वांगी-मिरचीच्या फुलांवर पडले तर फळधारणाही घटते.

वाल पिवळा दिसला तर एक रोप खुरप्याने मातीसकट काढा, ओढू नका, गाठी तुटतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर ती काम करतेय. आत पांढरी-हिरवी, किंवा गाठच नाही, तर आधी बांध बघा. दुकानात गेलात तर टॉनिक, ह्युमिक, झिंक असं सगळं गळ्यात मारतील. त्याआधी फुकटातली परीक्षा करा: एका करवंटीत गवताखालची माती, दुसरीत स्वच्छ जागेची. दोन्हीत दहा-दहा मेथीदाणे टाका. फरक उगवणीतच दिसतो.

सगळ्यात मोठं नुकसान उपटल्यावर होतं. लोक गवत उपटतात आणि तिथेच बांधावर टाकतात, नाहीतर नांगराखाली गाडतात. म्हणजे विष आपल्याच हाताने वाफ्यात. फुलावर आलेलं असेल तर बीही तिथेच झडतं, आणि एका झाडाला १५ ते २५ हजार बिया. फुलाआधीचं गवत शेणकाल्यासोबत खड्ड्यात पूर्ण कुजवा, फुलावरचं शेताबाहेर वाळवून जाळा. चुकून हिरवं गाडलं गेलंच, तर तीन आठवडे तरी पेरू नका, हा माझा अंदाज. हातमोजे घाला, नाकातोंडाला फडकं बांधा. अंगाला खाज सुटते.

लिटरला २०० ग्रॅम मिठाचं पाणी फवारतात, ते फक्त रस्त्याकडेला आणि पडीक जागी. भाताच्या बांधावर अजिबात नको. गोदामांच्या भरावाची माती शेतात घेताना दहा वेळा विचार करा, बी तिच्यातूनही येतं.

बाकी नेहमीचं :
– भात कापताच जमिनीतल्या ओलीवर वालाची पेरणी
– १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी धरवणारं जिवाणू खत), सावलीत सुकवून
– घाटे अळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे)

गाजरगवताची पानं चाळणीसारखी झालेली दिसली तर ते मेक्सिकन भुंग्याचं काम, तो हे गवतच खातो, तिथे फवारू नका. आणि बांधावरचा टाकळा सरसकट कापू नका. तो दाट असतो तिथे गाजरगवत डोकं वर काढत नाही. शेंगा वाळल्या की बी गोळा करून उपटलेल्या जागी फेका.