लेकरं घेऊन सिटी बस, एसटी, रिक्षानं निघताय? तिकिटाच्या या चुका टाळा

एक लेकरू कडेवर, दुसऱ्याचा हात हातात, खांद्याला पिशवी आणि पर्स त्या पिशवीच्या तळाशी, डब्याखाली. कंडक्टर मशीन घेऊन समोर उभा. मागून कुणीतरी म्हणतं, "चला ओ, पुढं सरका." इथून पुढं जे काही होतं, ते सोलापुरात आसरा ते पार्क चौक रोज दिसतं आणि त्यातलं निम्मं टाळता येण्याजोगं असतं. पोरं रडतात त्याला इलाज नाही. तिकिटाच्या घोळाला आहे.

"पाचवं लागलंय" म्हणू नका

सगळ्यात जास्त भांडणं या एका वाक्यावरून होतात. आपल्याकडं चौथा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवसापासून लेकराला पाचवं लागतं. घरात बोलायला ते ठीक आहे, पण तिकिटाचा हिशेब पूर्ण झालेल्या वर्षांवर चालतो. एसटीत ५ वर्षं पूर्ण होईपर्यंत तिकीट नाही, ५ पूर्ण झाल्यापासून १२ पूर्ण होईपर्यंत अर्धं, त्यानंतर पूर्ण. म्हणजे पाचवं लागलेलं लेकरू चार वर्षांचं आहे आणि त्याला तिकीट लागत नाही. आई म्हणते "पाचवं", गर्दीत कंडक्टर ऐकतो "पाच", आणि अर्धं तिकीट फाडून मोकळा होतो. चूक त्याची नाही.

दुसऱ्या टोकाला हाच घोळ उलटा होतो. "बारावं लागलंय" म्हणजे अकराच पूर्ण झालीत, अर्धं तिकीट अजून वर्षभर चालतं. तरी बरेच बाप छाती फुगवून "बारा!" म्हणतात आणि पूर्ण भाडं मोजतात.

त्यामुळं लागलेलं वर्ष सांगूच नका. "जूनमध्ये पाच पूर्ण झाले", "नोव्हेंबरमध्ये बारा होतील", असं महिन्यासकट सांगा. सोबत आधार ठेवा. पाचाच्या आतल्या मुलांचं निळं बाल आधार असतं, त्यावर जन्मतारीख असते. त्याचा फोटो मोबाईलमध्ये एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, कारण हळदी-कुंकवाच्या चारशे फोटोंमधून तो शोधेपर्यंत आपला बाळे थांबा निघून जातो. पाच पूर्ण झाल्यावर त्याच आधारचं बायोमेट्रिक अपडेट करावं लागतं. ते केलं नसेल तर तेही उरकून घ्या.

हे सगळं एसटीचं. सिटी बस महापालिकेची, एसटी महामंडळाची. दोन्हींचे नियम एकच आहेत असं धरून चालू नका. शहरात पहिल्यांदा लेकरू घेऊन बसताना "अर्धं कितव्या वर्षापासून?" एवढं एकदा विचारून घ्या आणि लक्षात ठेवा. दर वेळी नव्यानं वाद घालू नका.

वय चोरणं, आणि तेही लेकराच्या तोंडून

तुळजापूरच्या गाडीत मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला हे नाटक हमखास बघायला मिळतं. कुटुंब जुन्या तुळजापूर नाक्यावर चढतं: आई, वडील, आजी आणि चांगली सहा वर्षांची मुलगी. थांब्यावरच तिला पढवलेलं असतं, "कुणी विचारलं तर चार सांग." वडील ऐटीत "दोन पूर्ण, एक आजीचं" म्हणतात. (खरं तर आईचंही अर्धंच लागतं, पण पोरीचं वाचवायच्या नादात ते विसरून जातात.) कंडक्टर पोरीकडं एकदा बघतो. गर्दी असते, तो पुढं जातो. तामलवाडीच्या आसपास तपासणी पथक चढतं. त्यातला कुणीही "बाळ, तुझं वय काय?" असं कधीच विचारत नाही. तो विचारतो, "कितवीला आहेस गं?" पोरगी खूश होऊन सांगते, "पहिलीला! आणि माझ्या बाईंनी मला स्टार दिला."

इथं हिशेब संपतो. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होताना सगळ्यात लहान पोरसुद्धा साडेपाचाचं असतं. पहिलीतलं लेकरू पाचाच्या आतलं असूच शकत नाही, हे तपासणीसाला तोंडपाठ असतं. खरा वादाचा वर्ग सिनिअर केजी. त्यात जूनमध्ये साडेचाराचंही असतं आणि साडेपाचाचंही, त्यामुळं तिथं आधारचा फोटो लागतोच.

दंड चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा १०० रुपये, यांतला जो जास्त तो. अर्ध्या तिकिटाचे वाचवायला गेलेले पैसे त्यापेक्षा नक्कीच कमी असतात. शिवाय त्या कंडक्टरवर तिकीट न दिल्याची केस होते, ती वेगळीच. "आमच्या पोरीनं एवढंसं बोललं तर काय बिघडलं" म्हणणाऱ्यांनी त्या माणसाच्या पगाराचाही विचार करावा. आणि देवीला निघताना लेकराला खोटं पढवायचं, हे तर सोडूनच द्या.

अर्ध्याचं अर्धं मागू नका

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. तेव्हापासून दर चार गाड्यांमागं एकीत कुणीतरी हुशार बाई म्हणते, "ही सहा वर्षांची, मुलगी आहे, म्हणजे अर्ध्याचं अर्धं." असं नसतं. ५ ते १२ वर्षांच्या मुलीला लहान मुलांचं अर्धं तिकीट मिळतं, त्यावर महिला सवलत पुन्हा लागत नाही. एका तिकिटावर एकच सवलत.

गंमत बारा झाल्यावर आहे. मुलगा बारा ओलांडतो तेव्हा त्याचं तिकीट पूर्ण होतं, मुलीचं मात्र महिला सवलतीमुळं अर्धंच राहतं. जुळी भावंडं असतील तर दोघांची तिकिटं वेगळी सांगा, "दोन पूर्ण" म्हणू नका.

आजी-आजोबा बरोबर असतील तर ६५ ते ७५ वयाला निम्मं, ७५ च्या पुढं मोफत. मोफत असलं तरी शून्य रकमेचं तिकीट घ्यावंच लागतं. "आजोबांना लागत नाही" म्हणून हात हलवून मोकळं होऊ नका, मशीनमधून कागद निघाला पाहिजे.

आणखी एक: अर्धं म्हणजे बरोबर निम्मं नव्हे. सवलत मूळ भाड्यावर असते. अपघात सहायता निधी आणि एसी गाडीचा जीएसटी पूर्ण लागतो. समजा मूळ भाडं १०० आणि निधी १ रुपया, तर महिलेला ५०.५० नाही, ५१ पडतात. पूर्ण भाड्याला दोननं भागून तेवढेच पैसे मुठीत धरून बसलं की रुपयासाठी परत पर्स उघडावी लागते.

ही महिला सवलत शहरी बससेवेला लागू नाही. सिटी बसमध्ये "एसटीत तर अर्धं घेतात" असं सांगत बसू नका. आणि विजापूर, कलबुर्गीकडं जाताना ती राज्याच्या हद्दीपर्यंतच धरतात. स्टँडवर गाडी कर्नाटकची लागली असेल तर ही सवलत विसरा. पाटी बघून बसा.

कंडक्टरला एका दमात सांगा

"एक मला द्या... हां, आणि ह्याचं... नाही, हिचं नको... आई, तुम्ही कुठं उतरणार?" असं चारदा बोललं की चार चुका होतात. मशीनवर आधी थांबा निवडला जातो, मग तिकिटाचा प्रकार, मग संख्या. तुम्हीही त्याच क्रमानं सांगा: "तुळजापूर. महिला एक, मुलं अर्धी एक, ज्येष्ठ एक. धाकटं तीन वर्षांचं." लेकरू लहान असून तिकीट लागत नसेल तरी ते सांगा, म्हणजे कंडक्टर परत मान वळवून विचारत नाही. थांब्याचं नाव सांगा, दुकानाचं नको. "त्या मोठ्या साडीच्या दुकानापाशी" अशी सोलापुरात शंभर ठिकाणं आहेत.

फुकट बसलेल्या लेकराला वेगळी सीट नाही, त्याला मांडीवर घ्यायचं. अर्धं काढलेल्याला सीट आहे. गर्दीत कुणी उठवायला आलं तर तिकीट दाखवा, आवाज चढवू नका.

शाळेचा पास घर ते शाळा एवढाच चालतो. रविवारी सिद्धेश्वर मंदिराला जाताना तो काढून दाखवणं थांबवा.

पैसे

याबद्दल लोक जरा जास्तच बेफिकीर असतात. अर्ध्या तिकिटांच्या बेरजेला गोल आकडा क्वचितच येतो, आणि सकाळच्या पहिल्या फेरीत कंडक्टरकडं सुट्टे नसतात. पाचशेची नोट पुढं केली की तो तिकिटाच्या मागं उरलेले पैसे लिहून देतो. मग उतरायच्या गडबडीत ते मागायचे राहतात.

लेकरं बरोबर असताना प्रवासाचे पैसे पर्समध्ये ठेवूच नका. एक छोटी चेनची पाकिटी घ्या, गळ्यात किंवा कमरेला. त्यात दहाच्या पाच, वीसच्या पाच नोटा आणि एक-दोन-पाचची नाणी. एका हातानं उघडता आली पाहिजे, कारण दुसरा हात मोकळा नसतोच. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात ब्लाउजमधल्या नोटा घामानं भिजून एकमेकींना चिकटतात आणि वीसच्या जागी चाळीस जातात, म्हणून ती जुनी सवय उन्हाळ्यात तरी सोडा. दहाचं नाणं कुणी नाकारलं तर लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच त्याचे तेव्हाचे चौदाही नमुने चलनात वैध असल्याचं सांगितलं आहे. पण पोर उन्हात उभं असताना ही कायद्याची लढाई लढू नका, नोट द्या.

"मोबाईलवरून देते की" म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी. मोबाईल पोराच्या हातात कार्टून बघायला असतो, तो काढून घेतला की भोंगा सुरू होतो, आणि बॅटरी ४ टक्क्यांवर आलेली असते. दुसरं, एसटीच्या मशीनवर क्यूआर आला तरी पैसे पोचल्याशिवाय तिकीट निघत नाही. गावाबाहेर रेंज गेली की मशीन तिथंच अडतं आणि मागची वीस माणसं तुमच्याकडं बघत बसतात. यूपीआय लाइट चालू करून ठेवलं तर १,००० रुपयांपर्यंत पिन टाकावा लागत नाही, कडेवर पोर असताना ते खरंच सोयीचं. तरी पाकिटी हवीच. नुसत्या मोबाईलवर विसंबून लेकरं घेऊन निघणं हा आळस आहे, त्याला आधुनिकपणा म्हणू नये.

शेअर रिक्षा

इथं नियमापेक्षा बोलणं महत्त्वाचं. मांडीवरच्या लेकराचे पैसे सहसा घेत नाहीत. जागा अडवली की पूर्ण सीट. बसण्याआधी विचारा: "दोन सीटचे देते, पोरगं शेजारी बसेल, मांडीवर घ्या म्हणायचं नाही." हे आधी ठरलं नाही की पुढच्या चौकात तिसरं गिऱ्हाईक येतं, "ताई, बाळाला जरा मांडीवर घ्या की" सुरू होतं, आणि उतरताना पैसे मात्र दोन सीटचेच मागितले जातात. पोराला ड्रायव्हरच्या शेजारी पुढं बसवून पैसे वाचवणाऱ्यांना काय म्हणावं? रिक्षाची परवानगी मागं तीन प्रवाशांची आहे. पुढं सीटच नसते.

पैसे रिक्षात बसल्या बसल्याच द्या. लोक आधी उतरतात, मग रस्त्यात उभं राहून पर्स चाचपतात, आणि तेवढ्यात लेकरू रहदारीकडं निघालेलं असतं. सात रस्ता चौकात हे बघवत नाही. रिक्षा थांबली की आधी पैसे, मग सुट्टे परत, मग तुम्ही उतरा, शेवटी पोराला उचलून फुटपाथच्या बाजूला घ्या. मागून हॉर्न वाजला तर वाजू द्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला होम मैदानाच्या बाजूला रिक्षा पोचतच नाहीत, तेव्हा कुठं उतरवणार तेही आधीच विचारा. "गड्डा" म्हणून बसायचं आणि एक किलोमीटर अलीकडं उतरवलं म्हणून भाडं कापायचं, हे चालत नाही.

रेल्वेचं एक

अर्ध्या तिकिटाची सवय रेल्वेत अंगाशी येते. ५ ते १२ मधल्या मुलाला बर्थ नको असेल तर आरक्षणात निम्मं भाडं, बर्थ हवा तर पूर्ण. पण चेअर कार आणि सेकंड सीटिंगमध्ये "सीट नको" हा पर्यायच नाही. म्हणजे सोलापूर-मुंबई वंदे भारतमध्ये सहा वर्षांच्या पोराचंही पूर्ण भाडं लागतं. त्याचं तिकीट न काढता नेलं तर भाडं आणि वर किमान २५० रुपये.

तिकीट लेकराच्या हातात देऊ नका

पोरं तिकिटाची पुंगळी करतात, चघळतात, खिडकीतून सोडून देतात. मशीनचा कागद पातळ असतो, लाळ लागली की अक्षरं जातात. त्यातच मागं "बाकी ३४०" लिहिलेलं असेल तर तेही गेलं. तिकीट पाकिटीत, नोटांपासून वेगळं. पोर फारच हट्टाला पेटलं तर मागच्या खेपेचं जुनं तिकीट जपून ठेवलेलं असावं, ते द्या. त्यावर तारीख असते म्हणून चेकर फसत नाही, पोरगं मात्र फसतं.