संशोधन प्रकल्पाचा डेटा नेमका कुठे फसतो? या चुका टाळा

"मॅडम, दोनशे रिस्पॉन्स आलेत. आता कुठली टेस्ट लावू?"

प्रकल्प जमा करायला आठवडा उरला की हा प्रश्न हमखास येतो. मी उलट विचारते, "तुला शोधायचं काय होतं?" मग शांतता. टेस्ट (आकडेवारीची चाचणी) कुठली, हे प्रश्नावलीचा फॉर्म बनवण्याआधी ठरायला हवं होतं. राहिलेला एक प्रश्न विचारायला त्याच दोनशे जणांकडे पुन्हा जाता येत नाही.

यावरचा उपाय साधा आहे, पण करतात फार थोडे. फॉर्म पाठवण्याआधी कागदावर रिकामे तक्ते आखा. प्रत्येक उद्दिष्टाला एक तक्ता: ओळींत काय, रकान्यांत काय, तुलना कशाची कशाशी. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तक्त्यात जात नाही, तो काढून टाका. एखादा तक्ता भरायला फॉर्ममध्ये काहीच सापडत नसेल, तर तिथे प्रश्न राहून गेलाय. वयाचंच घ्या. '१८ ते २५, २५ ते ३५, ३५ ते ४५' असे गट दिले, तर ज्याचं वय बरोबर २५ आहे त्याने खूण कुठे करायची? शिवाय पुढे वय रिग्रेशनमध्ये (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीत) घ्यायचं असेल तर सरळ वर्षांतच विचारा. वर्षांवरून गट कधीही पाडता येतात, गटांवरून वर्षं काढता येत नाहीत.

३८४ चा मोह

कितीतरी अहवालांत नमुन्याचा आकार ३८४ असतो. ९५ टक्के विश्वासपातळी (अंदाजाची खात्री), ५ टक्के त्रुटीमर्यादा (अंदाज किती इकडेतिकडे चालेल) आणि ५० टक्के प्रमाण (निम्म्यांचं उत्तर 'हो' असेल असं) धरलं की मोठ्या समूहासाठी सूत्रातून हाच आकडा निघतो. आकडा चुकीचा नाही, त्यामागची अट मात्र विसरली जाते: नमुना यादृच्छिक हवा, म्हणजे समूहातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिंक टाकून जमवलेले ३८४ जण म्हणजे सोयीचा नमुनाच, जे सहज सापडले ते घेतलेले. शिवाय समूहच ३०० कर्मचाऱ्यांचा असेल तर ३८४ आणणार कुठून? मर्यादित समूहाची दुरुस्ती (समूह छोटा असताना सूत्रात करायचा बदल) केली की तिथे १६९ पुरतात.

संख्या मोठी म्हणजे नमुना चांगला, हा समज कसा तोंडघशी पाडतो त्याचं उदाहरण १९३६ सालचं आहे. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं भाकीत छापलं गेलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, त्यामुळे मंदीच्या त्या काळात गरीब मतदार त्यांत कमीच होते. त्यातही उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांचा कल वेगळा होता. हा दुसरा दोष ऑनलाइन फॉर्मलाही तसाच लागू पडतो.

सोयीचा नमुना घेणं हा गुन्हा नाही. वेळ आणि पैसा मोजका असतो, हे मार्गदर्शकांनाही ठाऊक असतं. तो घेऊन 'यादृच्छिक निवड केली' असं लिहिणं ही मात्र चूक आहे, आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) ती दोन प्रश्नांत उघडी पडते.

प्रश्नातच उत्तर

'या ॲपची सेवा जलद आणि विश्वासार्ह आहे.' जलद आहे पण विश्वासार्ह नाही, असं वाटणाऱ्याने काय करायचं? अशा वाक्याची दोन वाक्यं करा. 'आमच्या उत्कृष्ट ग्राहकसेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?' यातला 'उत्कृष्ट' शब्द आधी खोडा. 'गेल्या वर्षभरात जाहिरात पाहून किती वेळा खरेदी केलीत?' याचं खरं उत्तर कुणालाही आठवत नाही, लोक अंदाजे आकडा ठोकून देतात. गेल्या महिन्याभराचं विचारा.

इंग्रजीतलं तयार स्केल (एखादी गोष्ट मोजण्यासाठीचा प्रश्नसंच) मराठीत आणत असाल, तर भाषांतर झाल्यावर मूळ प्रश्न न पाहिलेल्या व्यक्तीकडून ते परत इंग्रजीत करून घ्या. अर्थ कुठे सरकला ते लगेच दिसतं. मग पंधरा-वीस जणांवर पायलट (आधीची छोटी चाचणी) करा, आणि निदान चार-पाच जणांच्या शेजारी बसा. कुठल्या प्रश्नाला ते अडखळतात, हे नुसत्या भरलेल्या फॉर्मवरून कळत नाही.

अल्फा कमी आला, आता काय?

क्रॉनबॅकचा अल्फा (एकाच गोष्टीवरच्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) ०.७ च्या खाली आला की घाबरून प्रश्न वगळायला सुरुवात होते. थांबा. आधी उलट्या अर्थाची विधानं शोधा. 'मला या दुकानात परत जावंसं वाटत नाही' अशा विधानाचे गुण पाच बिंदूंच्या स्केलवर (१ ते ५ गुण) ६ मधून वजा करून घ्यायचे असतात. अल्फा चक्क ऋण आला असेल तर बहुतेक वेळा हेच राहिलेलं असतं. दुसरी चूक म्हणजे अख्ख्या प्रश्नावलीचा एकच अल्फा काढणं. समाधान, निष्ठा, किमतीची जाणीव या वेगवेगळ्या गोष्टी असतील तर प्रत्येकीचा अल्फा वेगळा. आणि ०.९५ च्या वर गेला म्हणून खूश होऊ नका, एकच प्रश्न शब्द बदलून चारदा विचारलाय का ते तपासा.

सरासरी वय विचित्र येतंय? न दिलेल्या उत्तरासाठी टाकलेला ९९ हा कोड सॉफ्टवेअरने वय म्हणून मोजला असेल. ओळीने सगळीकडे 'सहमत' ठोकणारे आणि दोनदा भरलेले फॉर्मही याच वेळी वेगळे काढा. किती काढले आणि का, ते अहवालात लिहा. मूळ फाइलला मात्र हात लावू नका, काम कॉपीवर करा.

प्रतिसाद कमी पडले की रात्री बसून स्वतःच फॉर्म भरायची कल्पना कुणाला ना कुणाला सुचतेच. हा खोटेपणा तर आहेच, पण लपतही नाही. मिनिटामिनिटाच्या अंतराने आलेल्या वेळेच्या नोंदी आणि नको तितकी सारखी उत्तरं सगळं सांगून जातात. त्यापेक्षा आठवणीचा संदेश पाठवा, फॉर्म छोटा करा, आणि तरीही ९० च आले तर ९० वरच काम करून मर्यादांमध्ये तसं नमूद करा.

पी-व्हॅल्यू (खरा संबंध नसतानाही इतका किंवा याहून ठळक निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ या रूढ मर्यादेच्या वर आली तरी प्रकल्प फसला असं नाही. तिथे 'संबंध नाही हे सिद्ध झाले' असं मात्र लिहू नका. 'या नमुन्यात संबंधाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही', एवढंच लिहा. निकाल पाहून गृहीतक (आधी मांडलेला अंदाज) बदलायचा मोह झाला तर तारीख टाकून मंजूर झालेला सिनॉप्सिस (प्रकल्पाचा आराखडा) काढा. परीक्षकांच्या हातातही तोच असतो.