मांजराचे जेवणाचे नखरे कसे आवरावेत

पहाटेचे पावणेपाच. आधी उशीजवळ घुरघुर, मग गालाला थंडगार नाक. तरी नाही उठलं तर बंड्या टेबलावर चढतो आणि माझा चष्मा पंजाने ढकलत कडेला आणतो. ढकलतो, थांबतो, माझ्याकडे बघतो, पुन्हा ढकलतो. चष्मा पडायच्या आत मी उठते आणि वाटीत त्याच्या कोरड्या खाण्याचे दाणे ओतते. साहेब दोन दाणे खातात, वाटीभोवतीची फरशी उकरल्यासारखं करतात आणि झोपायला निघून जातात.

वर्षभर हेच चाललं होतं. निम्मे नखरे आम्हीच शिकवलेले होते, हे फार उशिरा लक्षात आलं. शेवटी जी रीत लागू पडली, ती क्रमाने सांगते.

१. खायचं नाही, की खाता येत नाही?

कालपर्यंत नीट जेवणारं मांजर आज तोंड फिरवत असेल तर त्याला नखरा म्हणू नका. वाटीपाशी येतं, वास घेतं, मागे फिरतं. एका बाजूने चावतं, दाणा तोंडातून पडतो, लाळ गळते: दात किंवा हिरड्या दुखत असतील. सर्दीने नाक चोंदलं तरी मांजर जेवण सोडतं, कारण वास आला नाही तर त्याच्या लेखी ते अन्नच नव्हे.

आपण उपास करतो तसा मांजराला झेपत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृतच बंद पडायची वेळ येते. गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. म्हणून ‘भूक लागली की खाईल झक मारत’ हा घरगुती सल्ला मांजराला लावू नका. मोठं मांजर चोवीस तास काहीच खात नसेल तर व्हेटला फोन करा. पिल्लू असेल तर तेवढंही थांबू नका. बोका लघवीला बसून नुसता कुंथत असेल तर तो जेवतो की नाही हे बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

२. घरातल्या माणसांची चौकशी करा

ही पायरी कुठल्याच पाकिटावर छापलेली नसते. आम्ही फ्रिजवर कागद लावला आणि ठरवलं, जो कोणी मांजराला काही देईल त्याने लिहायचं. तीन दिवसांनी कागद वाचला. सकाळी मी दाणे दिलेले. साडेआठला नवऱ्याने, ‘बिचारा उपाशी दिसला’ म्हणून. अकराला सासूबाईंनी दोन उकडलेली मांदेली, कारण आमच्या मालवणात मांजराला मासा दिल्याशिवाय आपण जेवत नाहीत. दुपारी मुलीने ट्रीट. शिवाय तळमजल्याच्या काकू खिडकीतून चिकनचे तुकडे देत होत्या, ते कागदावर नव्हतंच. पाच घरची जेवणं जेवून रात्री बंड्या ताटलीकडे तुच्छतेने बघणार नाही तर काय करणार?

यावर उपाय एकच: जेवण देणारा हात एक, फार तर दोन. बाकीच्यांनी लाड करावेत, खेळवावं. सासूबाईंचा मासा आम्ही बंद केला नाही. तो दिवसाच्या हिशेबात धरला.

३. वजनकाटा काढा

चार किलोच्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे नुसते दाणे देत असाल तर दिवसभराचे मिळून साठेक ग्रॅम. एकदा काट्यावर मोजून बघा, मूठभरच दिसतात. वाटी काठोकाठ भरायची सवय असलेल्यांना हा धक्का असतो. पाकिटावरचा तक्ता बघा, आणि मांजर लठ्ठ असेल तर व्हेटला विचारूनच कमी करा. एकदम निम्म्यावर आणू नका.

४. वेळ लावा आणि ताटली उचला

दिवसाचा वाटा तीन-चार भागांत वाटा. मांजराची मूळ रीतच थोडं थोडं खाण्याची आहे. एका उंदरात तीसेक कॅलरी असतात. रानातली मांजर दिवसभर अशा छोट्या शिकारींवर जगते. आपल्यासारखं दोन वेळा भरपेट जेवायला तिचं पोट घडलेलंच नाही. त्यामुळे दोन घास खाऊन निघून जाणं हा दर वेळी अपमान नसतो. फरशी उकरणं हीसुद्धा ‘शी, काय हे’ अशी टीका नसावी. उरलेलं झाकून ठेवायची ती जुनी खोड.

ओलं खाणं वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, मग उचला. एप्रिल-मेमध्ये तर ते तासाभरात वास मारू लागतं. नाही खाल्लं म्हणून लगेच दुसरं पाऊच फोडायचं नाही. इथेच आपण हरतो! एक नाकारलं की दुसरं येतं, हे मांजराला दोन दिवसांत पाठ होतं. पुढच्या वेळेला तेच पाऊच, फ्रिजमध्ये झाकून ठेवलेलं, थोडं कोमट करून द्या. फक्त पहिल्या पायरीतले चोवीस तास विसरू नका.

५. पहाटेचा गजर बंद करा

मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जागं असतं, त्यात आपण उठून खाणं दिलं की गणित पक्कं होतं: चष्मा ढकलला, दाणे आले. झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळवा, दमू द्या, आणि दिवसाचा शेवटचा वाटा तेव्हा द्या. सकाळी उठल्या उठल्या वाटी भरू नका. आधी चहा, आंघोळ, मग मांजर. घड्याळावर उघडणारा डबा मिळतो, तो घेतलात तर मांजर तुमच्याऐवजी डब्याला त्रास देतं.

पहिले काही दिवस ओरडा वाढतो. वाढणारच, कारण जुनी युक्ती का चालत नाही हे त्याला कळत नसतं. आम्ही सहाव्या दिवशी हार मानली आणि नेमकं हे शिकवलं की सहा दिवस ओरडावं लागतं. दुसऱ्यांदा चष्मा ड्रॉवरमध्ये ठेवला, दार लावून घेतलं. अकराव्या दिवशी शांतता.

६. वास, ऊब, ताटली

मांजराला गोड चव कळतच नाही. ती ओळखणारं जनुक त्यांच्यात निकामी आहे, हे २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. तुमची चिंगी श्रीखंडाला तोंड लावते ती स्निग्धतेसाठी. तिचं खरं काम वासावर चालतं. फ्रिजमधल्या गार अन्नाला वास नसतो. चमचाभर गरम पाणी घालून ढवळा. ताज्या शिकारीइतकं, म्हणजे आपल्या हाताला जेमतेम कोमट लागेल असं करा. निम्मे नखरे इथेच संपतात, आणि थोडं पाणीही पोटात जातं. खोल वाटीऐवजी पसरट बशी घ्या, लिटर बॉक्सपासून (त्याच्या शी-शूच्या पेटीपासून) लांब ठेवा. मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून मधोमध बशी.

नवं खाणं आणायचं तर सात ते दहा दिवस घ्या: आधी पाव हिस्सा नवं, मग निम्मं.

७. दूधभाताचं काय?

‘आमच्या आजोळच्या मांजरी दूधभातावर वाढल्या’ हे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतं. त्या मांजरी उरलेल्या वेळात उंदीर आणि पाली खात होत्या, ते कोणी मोजलं नाही. फ्लॅटमधल्या मांजराला ती सोय नाही. मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतंच; ते कमी पडलं की हृदय मोठं आणि कमकुवत होतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात सिद्ध झालं. मोठ्या मांजराला दुधाने अनेकदा जुलाब होतात.

उकडलेलं चिकन वरखर्चाला चालेल, पण मीठ, कांदा, लसूण न घालता. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून उकडलेलं पाणीही द्या. मासा शिजवून, काटे काढून. सुक्या बोंबलात आणि जवळ्यात मीठ फार, वासाने कितीही वेडी झाली तरी देऊ नका.

८. दोन मांजरं असतील तर, आणि गावाला जाताना

दोन मांजरं असतील तर त्यांना वेगळ्या खोल्यांत वाढा, नाहीतर चिंगीचा वाटा बंड्या खातो आणि चिंगीला आपण नखरेल म्हणतो. आम्ही गणपतीला मालवणला जातो तेव्हा रोजच्या मोजलेल्या पुड्या करून वर वार आणि नाव लिहून तळमजल्याच्या काकूंकडे देतो. सोबत चिठ्ठी: बंड्या वाटीपाशी बसून तीन दिवसांचा उपाशी असल्यासारखा ओरडेल. तो नुकताच जेवलेला असेल.